कोपराखालची हवा

पहिले दोन महिने त्याने मला एकही सूर दिला नाही.
दिली ती बकरी.
म्हणजे तिचं कातडं, उलटं केलेलं, केस आत.
मानेच्या जागी, जिथे पुढे कधीतरी बासरी बसणार होती,
तिथे नुसतं लाकडी बूच.
पुढच्या एका पायाच्या जागी फुंकायची नळी.
"भर," झाप्रियान म्हणाला, आणि चुलीकडे वळला.

मी भरायची. गाल दुखायचे, कानात ठोके.
तोंड काढलं की बकरी हळूच मांडीवर बसायची,
जणू आत्ताच जीव सोडलाय.
"आधी दम भर," तो पाठमोराच म्हणायचा,
"मग दम धर.
घाई करून बकरीचं काय झालं, बघतेस ना."

रोदोपी डोंगराच्या कुशीत आमचं गाव,
गावाखाली शिशाची खाण.
झाप्रियान सत्तावीस वर्षं तिच्यात उतरला.
खोकला तेव्हा घराघरात होता, घड्याळासारखा,
त्याच्याकडे कोण लक्ष देतं?
फी म्हणजे दर शनिवारी एक किलो पांढरा घेवडा.
बाबा दोनदा तोलून द्यायचे,
तो न बघता फळीवर ठेवायचा.

"वाजवणं बोटांचं काम नाही. बोटं काय,
शेजारची रुसालिया मोजे विणते तिचीही चालतात.
कोपराला शिकव.
तू श्वास घेतेस तेव्हा सूर कोण सांभाळतं?
कोपर.
श्वास घेतलास हे कळलं, तर चोरी पकडली गेली."

तिसऱ्या महिन्यात खांद्यावर लांब नळी आली,
एकच सूर धरून बसणारी,
चौकातल्या म्हाताऱ्यांसारखी:
कुणाचं लग्न असो, कुणाचं मरण, तिचं म्हणणं तेच.
मग बासरी. तिच्या वरच्या टोकाला
पिसवेएवढं एक भोक. मर्मोर्का, म्हणजे पुटपुटणारी.
ते उघडलं की खालचा कुठलाही सूर
अर्धी पायरी चढतो आणि दारात अडखळतो.
"आत जाऊ देऊ नकोस," झाप्रियान म्हणाला,
"अडखळण्यातच आपलं गाव आहे."

पण स्वतः तो कधी वाजवायचा नाही.
चाली दाखवायचा चुलीच्या चिमट्यावर,
गार लोखंडावर बोटं नाचायची, आवाज नाही.
शाळेत पोरं म्हणायची, विसरलाय तो,
घेवडा खायला मास्तर झालाय.

फेब्रुवारीत रस्ता बर्फाने बंद झाला.
एका शनिवारी मी बकरी त्याच्या पुढ्यात ठेवली:
"एकदा तरी. तुम्ही."
तो हसायला गेला. हसणं मध्येच फाटलं
आणि मग बराच वेळ नुसता खोकला,
मी फळीवरच्या पिशव्या मोजत राहिले. अकरा.
त्यातल्या नऊ उघडलेल्याच नव्हत्या.

डोळे पुसून तो माझ्या बाकावर येऊन बसला.
"तू भर. तूच दाब."
आणि बासरी त्याने स्वतःच्या हातात घेतली.

अंगठ्याचं नख निळं, कायमचं.
त्या बोटांखालून माझाच श्वास बाहेर आला
आणि मला ओळखेना.
त्यात मी जन्मायच्या आधीची लग्नं होती,
एक कुत्रं होतं, ज्याला कुणी हाक मारत होतं,
पायऱ्यांवरून उतरणारे खूप सारे बूट.
मी फुंकत होते, ऐकत होते,
ऐकता ऐकता फुंकायची राहिले,
सूर घसरला, बकरी कलली.
"दम कुठंय?" तो खेकसला.
मग आम्ही दोघंही गप्प, कारण
प्रश्न कुणाला विचारला ते त्यालाही नीट कळलं नव्हतं.

आता मी प्लोवदिवमध्ये शिकवते, तिसऱ्या मजल्यावर.
स्तामेन नावाचा मुलगा आहे, दहा वर्षांचा,
गाल लाल, मांडीवर बकरी बसलेली.
"वाजवायचं कधी?" तो विचारतो.
मी चुलीकडे वळते.
चूल कुठली, रेडिएटर आहे.
तरी वळते.